मागून दाखवा

टीव्ही घ्यायला गेलेला माणूस टीव्हीचा पडदा बघतो. अण्णा पाठ बघतात.

सीवूड्स-दारावे स्टेशनच्या डोक्यावर 2017 साली जो अवाढव्य मॉल उघडला, तिथल्या एका दुकानात मी त्यांच्यासोबत गेलो होतो. भिंतभर टीव्ही टांगलेले, प्रत्येकावर कुठल्यातरी परदेशी जंगलातला तोच तो पोपट उडतोय, आणि टाय लावलेला एक पोरगा मोठ्या उत्साहाने सांगतोय, "सर, ब्लॅक देखिए, कितना डीप है!" अण्णांनी ब्लॅकही बघितला नाही आणि पोपटही. म्हणाले, "पीछे से दिखाओ." पोरगा गडबडला. त्याला पाठीबद्दल कुणी कधी विचारलंच नव्हतं, आणि टीव्ही तर भिंतीला पक्का ठोकलेला. शेवटी बिचाऱ्याने आतून स्टूल आणलं. अण्णा स्टुलावर चढले, खिशातून पेनाएवढी बॅटरी काढली, भिंत आणि टीव्ही यांच्या फटीला गाल लावून डोकावले आणि तिथूनच जाहीर केलं, "व्हीजीए काढून टाकलाय हलकटांनी!" खाली उतरून हात झटकले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पिक्चर काय हो, दुकानात सगळ्यांचंच चांगलं असतं."

खरेदी झाली नाही. व्हायचीच नव्हती. घरचा टीव्ही उत्तम चालू होता. बाजारातून यंदा काय काय बंद झालंय, ते बघायला अण्णा आले होते.

आपल्याकडे असे अण्णा बरेच आहेत. सीवूड्समधल्या दर दोन-तीन सोसायट्यांमागे एक तरी निघेल. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी टेलिफोनमध्ये, रेल्वेच्या सिग्नल खात्यात नाहीतर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये झालेली. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. मुलगा किंवा मुलगी परदेशात. आणि माळ्यावर वायरींची एक गोणी, जिच्यावरून घरात वर्षानुवर्षं शीतयुद्ध चालू आहे. आमचे अण्णा टेलिफोनवाले. नेरूळपलीकडे स्टेशन नावाला होतं आणि रात्री नऊनंतर रिक्षा मिळायची नाही, तेव्हापासून ते इथे राहतात. सिडकोने आखलेल्या या सेक्टरांत घर घेणारा माणूस आधी खिडकीतून काय दिसतं ते विचारतो: खाडी दिसते का, हिवाळ्यात फ्लेमिंगो दिसतात का, निदान पाम बीच रोड तरी? अण्णांच्या गॅलरीतून तळ्यावरचे फ्लेमिंगो दिसतात, असं काकू सांगतात. अण्णांना खाडीचं एकच कौतुक आहे, ते म्हणजे खारा वारा. या वाऱ्याने तांब्यावर हिरवट थर धरतो, पिनांचा संपर्क सुटतो आणि अण्णांना बोलावणं येतं. अशा वेळी ते शाळकरी मुलाचा खोडरबर मागून घेतात आणि एकेक पट्टी घासून चकचकीत करून देतात. सोसायटीत निम्म्या घरांतले खोडरबर त्यांनी काळे केले आहेत.

कुणाकडे गेले की चपला काढता काढताच त्यांचा प्रश्न येतो, "मागून काय लावलंय?" घरातली माणसं समोरचं सांगत असतात: अण्णा, काल रात्री चालू होता हो, सकाळी लावला तर निळा पडदा आणि 'नो सिग्नल'. अण्णा ऐकत नाहीत. "नो सिग्नल म्हणतोय ना? म्हणजे टीव्ही ठणठणीत आहे. मेलेला माणूस बोलतो का?" एवढा दिलासा देऊन ते टेबल ओढतात, तिथली वर्षभराची धूळ, हरवलेला रिमोटचा सेल आणि एखादा सुकलेला तिळाचा लाडू बाहेर येतो, यजमानीणबाई शरमेने अर्धमेल्या होतात, आणि अण्णांचं तिकडे लक्षही नसतं. ते पिना मोजत असतात.

पिनांवरून अण्णा रोग सांगतात. त्यात त्यांचा खरा जीव आहे व्हीजीएवर. तो निळ्या रंगाचा, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेला, तीन ओळींत पंधरा पिनांचा. "1987 सालचा. आयबीएमचा," असं ते अशा सुरात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, बारशाला हे हजर होते. त्यातली पहिली पीन लाल रंगाची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. लाल किती हवा? पिनेवर जेवढा दाब तेवढा लाल. शून्य म्हणजे काळोख, 0.7 व्होल्ट म्हणजे पुरता लाल. "आणि मधलं सगळं मधलं," असं म्हणून अण्णा डोळे मिटतात. आणखी दोन पिना पडद्याला सांगतात की ओळ कुठे सुरू झाली आणि पान कुठे सुरू झालं. बस. आकडा नाही, हिशेब नाही, नुसता वरखाली होणारा दाब. यालाच ॲनालॉग म्हणायचं.

बी विंगमधल्या एका मुलाचा जुना मॉनिटर अचानक पिवळा पडला होता. पांढरं पान पिवळं, आकाश काळपट, आईचा फोटो तर बघवत नव्हता. बापाने नवा मॉनिटर घ्यायची तयारी केली होती. अण्णांनी दारातूनच निदान केलं, "कावीळ. निळा पोचत नाहीये. तिसरी पीन बघ." वायर काढून बघितली तर तिसरी पीन आडवी पडलेली. अण्णांनी बॉलपेनमधली संपलेली रिफिल मागवली, तिची रिकामी नळी त्या पिनेवर हलकेच चढवली आणि श्वास रोखून तिला उभी केली. वायर लावली, स्क्रू दोन्हीकडून आवळले, पान पांढरं झालं. "हिरवा गेला असता तर सगळं राणी कलरचं दिसलं असतं," ते त्या मुलाला म्हणाले. "लाल गेला असता तर हिरवट निळं. लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल." तो मुलगा आता वकिलीचं शिकतो आहे.

या सगळ्याचं मूळ दादरच्या एका चाळीत आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं तेव्हा अण्णा कॉलेजात होते. पुढे कधीतरी चाळीत टीव्ही आला आणि गच्चीवरचा अँटेना फिरवायचं काम आपोआप यांच्याकडे आलं. "आला का?" "गेला!" "आता?" "थोडा!" "आता?" "मुंग्या!" असा संवाद गच्ची ते दुसरा मजला चालायचा. अँटेनाकडून खाली येणारी तार म्हणजे चपटी पट्टी, 300 ओहमची. टीव्हीच्या मागचं गोल भोक 75 ओहमचं. दोघांच्या मध्ये एक अंगठ्याएवढा डबा लागायचा, त्यात लोहचुंबकी गाभ्यावर गुंडाळलेली बारीक तार. त्याला बलून म्हणतात. हा डबा नसला तर लहरींचा काही भाग भोकापाशी आपटून मागे फिरायचा आणि चित्र फिकं पडायचं, किंवा बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचंच भूत उभं राहायचं. तो डबा अण्णांचा पहिला ॲडॅप्टर. अजून आहे. मी बघितला आहे. काकूंनी तो दोनदा भंगारात टाकला आणि दोन्ही वेळा तो परत आला.

1982 ला एशियाड आलं, रंग आला. मग छत्र्या आल्या, केबलवाला आला. 2012 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली ॲनालॉग केबल सरकारने बंद केली, मागोमाग सेट टॉप बॉक्सचा तो फतवा खाडी ओलांडून इकडे आला, आणि अण्णांच्या मते त्या दिवशी चित्राचा स्वभावच बदलला. "पूर्वी चित्र आजारी पडायचं हो. मुंग्या यायच्या, लाटा यायच्या, आवाज घोगरा व्हायचा. पण माणूस ओळखू यायचा. आता धडधाकट असतं नाहीतर एकदम मरतं. मधे पाच मिनिटं चौकोन चौकोन होऊन तडफडतं, तेवढंच." हे ते इतक्या कळवळून सांगतात, की नातेवाइकाबद्दल चाललंय असं वाटून एकदा नव्या वॉचमनने टोपी काढली होती.

अण्णांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. एचडीएमआयच्या तारेतून रंगाचा दाब जात नाही, रंगाचे आकडे जातात, तेही शून्य आणि एक यांच्याच भाषेत. वाटेत थोडी गडबड झाली तरी शून्य तो शून्य आणि एक तो एक वाचता येतो, म्हणून चित्र अगदी शेवटपर्यंत लखलखीत राहतं. गडबड एका मर्यादेपलीकडे गेली की काहीच वाचता येत नाही. घसरण नाही, थेट कडा.

सोसायटीच्या सेक्रेटरीची आणि अण्णांची गाठ इथेच पडली. सेक्रेटरी ऐरोलीला आयटीत आहे, चाळिशीच्या आतला, हुशार, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर मागवता येतं असा त्याचा पक्का समज. सोसायटीकडे एक जुना प्रोजेक्टर होता. गणपतीत मुलांना सिनेमा दाखवायला आणि वार्षिक सभेत हिशेब दाखवायला तो माळ्यावरून उतरायचा. त्याला मागे व्हीजीए आणि एक पिवळं गोल भोक, एवढंच. सेक्रेटरीच्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. त्याने एका बाजूला एचडीएमआय आणि दुसऱ्या बाजूला व्हीजीए असलेली स्वस्तातली वायर मागवली. दोन्ही टोकं झोकात बसली. पडदा काळा तो काळाच.

अण्णांनी ती वायर तळहातावर झुलवली, टोकाचा प्लॅस्टिकचा डोक्यासारखा भाग कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाले, "हलकी आहे. आत कोणी नाही. कापू?" सेक्रेटरीला वाटलं, म्हातारा गंमत करतोय, म्हणून तो 'कापा' म्हणाला. अण्णांनी खिशातून ब्लेड काढून खरोखरच कापली. आत नुसत्या तारा. इकडची पीन तिकडच्या पिनेला डकवलेली.

"आता बघ," अण्णा सांगू लागले आणि वॉचमनलाही जवळ बोलावून घेतलं, कारण उदाहरणात त्याला काम होतं. "समज, तुझ्याकडे पाहुणा आला. मराठी बोलणारा. घरचेही मराठी. तर गेटवरून तुझ्या दारापर्यंत आणायला हा वॉचमन पुरतो की नाही? नुसता रस्ता दाखवायचा. एचडीएमआय आणि डीव्हीआय-डी यांचं तसं आहे. भाषा एकच, दार वेगळं. तिथे साधा जोड चालतो. पण पाहुणा नुसता तमिळ बोलतो आणि घरात कुणाला तमिळचा गंध नाही, तर वॉचमन काय करणार? दारात उभा करून येईल. मग दुभाषा लागतो. आकडे ऐकायचे आणि त्याचे व्होल्ट करून सांगायचे. ती चिप. आणि दुभाष्याला चहापाणी द्यावं लागतं की नाही? म्हणून त्याला पाच व्होल्ट पाहिजेत. एचडीएमआयच्या अठराव्या पिनेवर मिळतात ते. तू आणलायस तो वॉचमन."

वॉचमनने मान डोलावली. तो स्वतः तमिळनाडूचा असून सोसायटीतले लोक त्याच्याशी हिंदीतच बोलतात, हे त्याने नम्रपणे सांगितलं नाही.

"आणि उलट जायचं असेल तर?" सेक्रेटरीने विचारलं. ही चूक होती. व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जायला वेगळा दुभाषा लागतो, तो व्होल्ट मोजून आकडे करतो. व्हीजीएकडून पुरेशी वीज मिळत नाही म्हणून त्याला यूएसबीची वेगळी शेपटी असते. व्हीजीएमधून आवाज जात नाही म्हणून आवाजाची आणखी एक शेपटी. आणि दोन्ही डब्या दिसायला जुळ्या. दुकानात लोक हमखास उलटी उचलतात. हे सगळं जिन्यात उभं राहून पाऊण तास चाललं. शेवटी अण्णांनी त्याच्या छातीवर बोट ठेवून बजावलं, "डबीवर बाण असतो. घ्यायच्या आधी बाण बघायचा. बाण!" तेव्हापासून सोसायटीतली पोरं अण्णा लिफ्टमध्ये शिरले की हळूच म्हणतात, "काका, वरचा बाण की खालचा?"

योग्य दिशेचा दुभाषा अर्थातच अण्णांच्या पिशवीत निघाला. ही पिशवी म्हणजे कुठल्याशा साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. नऊवारी नेसलेल्या बाईचं चित्र धुऊन धुऊन अर्धं गेलेलं. तीत सगळं असतं: बीएनसी ते आरसीए, आरसीए ते स्कार्ट (स्कार्ट भारतात कुणी वापरला देव जाणे, पण मुलाने युरोपातून आणलाय), पांढरा डीव्हीआय, ज्याच्या आडव्या पात्याभोवती चार पिना असल्या तर ॲनालॉग जातं आणि नसल्या तर कितीही रडा जात नाही. नवीन काही हवं असेल तर ते मोबाइलवर मागवत नाहीत. हार्बर लाइन, कुर्ल्याला बदल, दादरला बदल, ग्रँट रोड, आणि तिथून पायी लॅमिंग्टन रोड. महापालिकेने त्या रस्त्याला डॉ. भडकमकरांचं नाव देऊन जमाना झाला, पण अण्णांसारख्या लोकांनी ते अजून मान्य केलेलं नाही. दिवस मोडून, उन्हातान्हात, तीन दुकानदारांशी वाद घालून ते दोन रुपयांना मिळेल असा एक जोड घेऊन येतात. काकू विचारतात, "अहो, एवढ्यासाठी गेलात?" अण्णा म्हणतात, "बघून घेतला."

अण्णांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस म्हणजे 19 नोव्हेंबर 2023. अहमदाबादला विश्वचषकाची फायनल, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया, आणि सोसायटीने हॉलमध्ये मोठ्या पडद्याचा बेत केलेला. सेक्रेटरीने टीव्हीला लावायची एक काडी आणली होती, जिच्यातून सामना इंटरनेटवर दिसतो. अण्णांनी आपला दुभाषा दिला. मेनू दिसला, टाळ्या पडल्या. सामना लावला आणि पडदा काळा. कॉमेंट्री खणखणीत ऐकू येतेय, स्टेडियममध्ये लाखभर माणसं ओरडतायत, आणि आमच्यासमोर काळोख. सेक्रेटरी काडी काढतोय, फुंकर मारतोय, परत लावतोय.

"थुंकलास तरी लागणार नाही," अण्णा मागून म्हणाले. "कुलूप आहे."

कुलूप म्हणजे एचडीसीपी. सिनेमा आणि सामने यांची नक्कल कुणी करू नये म्हणून पाठवणारं यंत्र आधी पडद्याकडून खूण मागतं. खूण पटली तरच चित्र देतं. एचडीएमआयच्या तारेत या बोलण्याची सोय आहे. 1987 च्या व्हीजीएला असले संशय ठाऊकच नव्हते, तो खूण कुठून देणार? दुभाषा हुशार असला तरी त्याच्या खिशात ओळखपत्र नाही. अण्णांनी हे सांगायला सुरुवात केली, पण जमावाची मनःस्थिती व्याख्यानाची नव्हती. मागच्या रांगेतून कोणीतरी "अण्णा, चित्र!" असं ओरडलं.

मग त्यांनी जे केलं ते त्यांनाच जमावं. हॉलच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावर जे बिऱ्हाड आहे, त्यांच्याकडे केबलवाल्याचा सेट टॉप बॉक्स आहे. अण्णा वर गेले. त्या बॉक्सच्या मागची पिवळी, लाल आणि पांढरी भोकं गेली कित्येक वर्षं कुणी वापरली नव्हती. त्यांवर अजून कंपनीच्या प्लॅस्टिकच्या टोप्या होत्या. अण्णांनी टोप्या काढल्या. पिवळ्यात चित्र, लाल-पांढऱ्यात उजवा-डावा आवाज. पिशवीतून जाड काळ्या वायरचं भेंडोळं निघालं, ते खिडकीच्या ग्रिलमधून खाली सोडलं, खाली एकाने ते विहिरीवरच्या दोरासारखं झेललं, आणि तिकडे प्रोजेक्टरच्या पिवळ्या भोकात, इकडे गणपतीच्या स्पीकरात जोडलं. या पिवळ्या तारेला कुलूप नाही, खूण नाही, काही नाही. सगळे रंग एकाच तारेत कोंबलेले आणि ओळी जुन्या दूरदर्शनइतक्याच: 625, त्यातल्या डोळ्यांना दिसतात त्या 576. पडद्यावर चित्र उमटलं तेव्हा रोहित शर्मा 47 वर बाद होऊन परत चालला होता.

हॉलमध्ये जल्लोष की हळहळ, काही कळेना. चित्र असं होतं की चेंडू दिसत नव्हता. क्षेत्ररक्षक कुठे पळतायत त्यावरून तो ओळखायचा. स्कोअरचे आकडे वाचायला पुढच्या रांगेतल्या एका मुलीला बसवलं होतं. पण निळे आपले आणि पिवळे त्यांचे, एवढं स्वच्छ कळत होतं. अण्णा पडद्याकडे पाठ करून प्रोजेक्टरशेजारी बसले, एक हात पिवळ्या पिनेवर, कुणी पाय अडकवू नये म्हणून. सबंध सामनाभर ते तसेच होते. त्यांनी फायनल बघितली नाही, पोचवली.

भारत 240. मग ट्रॅव्हिस हेडने 137 काढले आणि ऑस्ट्रेलिया 6 गड्यांनी जिंकली. वडे थंड झाले, खुर्च्या उचलल्या जाऊ लागल्या, आणि सी विंगमधले एक गृहस्थ अण्णांजवळ येऊन अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "पिवळी पीन लावायला नको होती तुम्ही. पिवळ्यातून पिवळेच येणार." अण्णांना हे इतकं लागलं की त्यांनी दुसऱ्या दिवशी लाल पिनेतूनही चित्र जातं, रंग फक्त ओळखीसाठी असतात, हे त्या गृहस्थांच्या घरी जाऊन प्रत्यक्ष लावून दाखवलं. त्या गृहस्थांचं म्हणणं, मग हे आदल्या दिवशी का नाही केलं?

अण्णांना रागावलेलं मी फक्त यूएसबी-सी या विषयावर बघितलं आहे. "पूर्वी भोकं वेगळी होती. ज्याचं जमणार नाही ते बसायचंच नाही, माणूस गप्प बसायचा. आता लॅपटॉपला दोन सारखी भोकं. एकातून चित्र येतं, दुसऱ्यातून नुसतं चार्जिंग. मोबाइलचंही तेच. वायरही तशीच: एकीतून जातं, दुसरीतून जात नाही, दिसायला सख्ख्या बहिणी. सगळं बसतं आणि काही चालत नाही!" हे ते सांगत असताना समोरच्या घरातली आठवीतली मुलगी मोबाइलवर बोट फिरवून अण्णांच्याच टीव्हीवर गाणं लावून गेली होती. वायर नाही, पीन नाही, काही नाही. काकू खूश. अण्णा टीव्हीच्या मागे गेले, बॅटरी मारली, तिथे काहीच लावलेलं नाही याची खात्री केली आणि बराच वेळ मागेच उभे राहिले.

पुढच्या वर्षी वार्षिक सभेत विषय आला: जुना प्रोजेक्टर भंगारात देऊन नवा घेतला, त्याला मान्यता. नवा आधीच पुढे मांडलेला होता, पांढरा, चपटा, मागे दोन एचडीएमआय आणि बाकी मोकळं मैदान. सूचक सेक्रेटरी. अनुमोदक कोण, म्हणून विचारलं तर बायकांच्या रांगेतून काकूंनी हात वर केला. अण्णांनी मान वळवून बघितलं, पण बोलले नाहीत. मग उभे राहून त्यांनी विरोध नोंदवायला सांगितलं. ॲनालॉग गेलं असं जे म्हणतात, त्यांनी गेटवरच्या कॅमेऱ्याची वायर बघावी. जाड काळी, टोकाला बीएनसी, तिच्यातून आजही व्होल्टच वरखाली होत येतात, आकडे केबिनमधल्या डब्यात शिरल्यावर होतात. म्हणजे सोसायटीची राखण ॲनालॉगच करतंय. इतकंच कशाला, तुमच्या या नव्या चकाचक टीव्हीच्या काचेत प्रत्येक ठिपक्याला शेवटी मिळतं ते व्होल्टेजच, आकडा मिळत नाही. अध्यक्षांनी विचारलं, हे सगळं इतिवृत्तात घ्यायचं का? अण्णा म्हणाले, सगळं. ठराव बहुमताने मंजूर झाला.

"पुढचा विषय, हिशेब," सेक्रेटरी म्हणाला. "नव्या प्रोजेक्टरवरच दाखवतो." त्याला कंपनीने नुकताच नवा लॅपटॉप दिला होता, पापडासारखा पातळ. त्याने एचडीएमआयची वायर उचलली, लॅपटॉप डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला, उचलून मागून बघितला. दोन्ही बाजूंना यूएसबी-सी, दुसरं भोकच नाही. पडद्यावर 'नो सिग्नल' डुलत होतं. हळूहळू सगळा हॉल अण्णांकडे वळला.

अण्णांनी हाताची घडी घातली. "मी पिशवी आणलेली नाही," ते छताकडे बघत म्हणाले. "भंगार सभेत आणू नये म्हणतात."

काकूंनी पर्स उघडली. चष्म्याचं घर, रुमाल, रिक्षाचे सुटे पैसे बाजूला सारून त्यांनी तळातून बोटभर लांबीचा एक राखाडी जोड काढला, एका टोकाला चपटं, दुसऱ्या टोकाला रुंद तोंड, आणि हातोहात पुढे पाठवला.

"यांच्या पिशवीतला आहे," त्या सेक्रेटरीला म्हणाल्या. "बाण बघून लाव हो."